त्रेसष्ट दातांची पूजा

नृसिंह मास्तर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे आणि घरी मोटार दुरुस्त करायचे. मोटार म्हणजे एका जहागीरदाराच्या तबेल्यातून आणलेलं जुनं विलायती धूड. सात महिने ते अंगणात उभं होतं. कोंबड्या त्यात बसून अंडी घालून गेल्या, पण मास्तरांच्या बायकोला, कालिंदीबाईंना, काही अजून बसायला मिळालं नव्हतं. शेवटी त्यांनी निकाल दिला, "दसऱ्याला दिस मावळायच्या आत चालू झाली तर मी बसीन. न्हाय झाली तर उचगावचा बादशहा भंगारवाला बैलगाडी घिऊन येतोय. सांगून ठेवलंय मी."

मास्तर इरेला पेटले. खोट होती ती इंजिनातल्या दोन दातेरी चक्रांत. लहान चक्राचा ठरावीक दात मोठ्याच्या ठरावीक दाताला खेटून बसला, तरच झडपा वेळेवर उघडतात. एक दात इकडंतिकडं झाला की खेळ खलास. कारखान्याच्या खुणा केव्हाच झिजलेल्या. म्हणून मास्तरांनी महामुश्किलीने नेमके दात शोधले, करंड्यातल्या ओल्या कुंकवाचा दोन्हींवर एकेक ठिपका दिला, चक्रं उतरवून पाटावर ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन अंघोळीला गेले.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी होती!

मास्तर बाहेर येतात तो काय, विळी, अडकित्ता, पाने, पकड यांच्या रांगेत दोन्ही चक्रं झेंडू घालून बसलेली. लहानाचे एकवीस दात, मोठ्याचे बेचाळीस. एकूण एक दाताला टिळा!

"अगं, ह्ये काय केलंस? समद्यास्नी कशापायी लावलंस?"

"मग? दोघांस्नी लावायचं आन् बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? आन् हात लावू नगा. पुजलेलं हत्यार उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर उचलायचं न्हाय. कुंकू तर पुसायचंच न्हाय."

दसऱ्याला दुपारी मास्तर कामाला लागले. एक दात सरकवायचा, हँडल मारायचं, पुन्हा एक दात सरकवायचा. शेजारचे अल्लाउद्दीन मिस्त्री, समोरचा गुंडू शिंपी, ज्याला त्याला विचारून झालं. सहाव्या दाताला इंजिन शिंकलं. सातव्याला मात्र असं काही धडाडलं, की अख्खी पेठ हादरली.

आता पेठेची रीत अशी, की चौकात आपट्याच्या फांद्या रचलेल्या असायच्या, दिवस मावळताना केरबा पैलवान ठासणीच्या बंदुकीचा बार काढायचा आणि मग सोनं लुटायचं. इथं चार वाजताच बार झाला! माणसं जेवती ताटं टाकून धावली. दोन मिनिटांत चौकात पान शिल्लक राहिलं नाही. अर्ध्या तोंडाला साबण लावलेला केरबा दारात येऊन गरजला, "मास्तर, मान माझा हाय! आता ह्यो बार काय चुलीत घालू?"

मागोमाग बादशहा आला, हातात नुसता चाबूक. "मास्तर, बैलं बुजली की! गाडीसकट उचगावला पळाली!"

मास्तरांना रडू फुटायचं बाकी होतं. दिवस कलत चालला होता. "माझे दोन ठिपके गेले हो," ते म्हणाले.

"कुठलं? त्ये हळद नसल्यालं?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"काय?"

"आधी हळद, मग कुंकू. त्या दोन दातांस्नी कुणीतरी आधीच कुंकू लावल्यालं. मग त्यावर हळद कशी लावायची? म्हणून ठेवलं तसंच."

मास्तरांनी डोळे फाडून पाहिलं. एकसष्ट टिळ्यांखाली पिवळं होतं, दोन निव्वळ लाल. वीस वर्षं पोरांना रंग शिकवणारा माणूस!

"मग कालच सांगायचं न्हाय व्हय?"

"इचारलंसा का? समद्या पेठेला इचारलंसा, मला सोडून."

लाल दात लालाला भिडला. एका हँडलात इंजिन गुरगुरू लागलं. कालिंदीबाई पदर सावरून पुढं बसल्या, आणि मागं बादशहा. भंगार न्यायला आलेल्या पाहुण्याला भंगारानंच उचगावला पोचवलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच केरबा पैलवान दारात हजर. हातात हळदीची पुडी.

"वैनी, बंदुकीचा चाप तुटलाय. उद्याचा बार मोटारीचाच हुंदे. तेवढी त्या दोन लाल दातांस्नीबी हळद लावा की!"