साळव्यांचं स्वच्छ रेकॉर्डिंग

कुवेतमधल्या रिग्गईच्या आमच्या बिल्डिंगमध्ये भर ऑगस्टात एसी बंद करून बसणारा माणूस एकच, समोरच्या फ्लॅटमधले साळवे. पाहुणा घामाने निथळत असला तरी हे स्पीकरला कान लावून म्हणायचे, "घुरघुर आहे हो." हेच ते फ्रिजबद्दल म्हणत, लिफ्टबद्दल म्हणत. एकदा माझ्या नवऱ्याच्या श्वासाबद्दलही म्हणाले.

साळवे मूळचे नगरचे, इथे एका कंपनीत अकाउंट्सला. रजा मिळाली की आम्ही गावी पळायचो, साळवे जर्मनीतल्या खेड्यापाड्यांत. तिथल्या जुन्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनवर तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत स्वतः वाजवायचं, रेकॉर्ड करायचं आणि वर्षभर कुवेतमध्ये बसून ते साफ करायचं. ऑर्गनला हवा लागते. हवेची मोटर घुरघुरते, म्हणून भाता पायाने दाबायला बायको. "लोक बायकोला बर्फ दाखवतात, आमचे हे भात्यावर उभं करतात," असं मीनाताई हसत सांगायच्या. भात्याची करकर, त्यांची पावलं, दम लागून आलेला खोकला, सगळं साळवे घरी येऊन पुसून काढायचे. एकदा एक खोकला निघेना, तर रागाने मीनाताईंशी बोलणं टाकलं होतं.

फेब्रुवारीत मीनाताई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. साळवे शवपेटी घेऊन नगरला गेले, माती देऊन परतले आणि कामावर रुजू झाले. उन्हाळ्यात नेहमीसारखे जर्मनीला गेले, पण रजा अर्धी टाकून परत आले.

परतल्यावर चार दिवसांनी संध्याकाळी आमच्याकडे आले. चहा नको म्हणाले. सांगू लागले: तिथल्या चर्चच्या पाद्र्यांनी या वेळी भात्याला मोटर लावून दिली होती. मोटर नवी, आवाज अजिबात नाही. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ आलं की काढायला काही उरलंच नाही. मग घरी येऊन त्यांनी आजवरची सगळी रेकॉर्डिंग्ज लावून पाहिली. मूळ फाइल्स जागा अडवतात म्हणून केव्हाच उडवल्या होत्या.

"ती कुठेच नाही," ते म्हणाले. "मीच काढली."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तुमच्या फोनवर तिचं काही आहे का.

शोधल्यावर एक व्हॉइस मेसेज सापडला. मी सुलैबियाच्या भाजीबाजारात असताना मीनाताईंनी पाठवलेला. मागे कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न, आणि मध्ये त्यांचा आवाज: "ताई, भरताची वांगी चांगली दिसली तर दोन आणा. ह्यांना आवडतं भरीत. म्हणायचे नाहीत, पण पुन्हा वाढून घेतात."

साळव्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. फोन माझ्या हातात परत देताना त्यांनी विचारलं, "मिळाली होती का वांगी?"

"हो," मी म्हटलं. "चांगली मिळाली होती."