पोलादी फ्रेमचा रुसवा

"प्लास्टिकच्या पिस्तुलाला बाहेरची पोलादी फ्रेम बसवायची, म्हणजे खेचराला लोखंडी पाय लावायचे! दिसेल झकास, पण चार पावलांत तोंडघशी!"

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात व्हर्लिन हे वर्षानुवर्षं छातीठोक सांगत होता. कुणाला? थोरल्या भावाला, लोवेलला. लोवेलनं कंपनीची प्लास्टिकची फ्रेम, म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा, काढून दुसरीकडून पोलादी मागवलेली, कानशीनं घासून घासून स्वतः बसवलेली.

"माझं पिस्तूल कधी अडकत नाही," लोवेल म्हणायचा.

"अडकेल!"

आणि एक दिवस लोवेलच गेला! शेवटची इच्छा तिकडच्या काही हौशी नेमबाजांची असते तशीच. माझी राख चिमूट-चिमूट काडतुसांत भरा, माझ्याच पिस्तुलातून उडवा. आणि बार काढायचे व्हर्लिननंच!

लोवेलच्या घरामागच्या मातीच्या बांधासमोर सगळं गोत जमलं. वारा ठार बंद. कुत्रं शेपूट घालून ट्रकखाली. व्हर्लिननं पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून सोडली. खट्! काडतूस नळीत शिरतानाच आडवं!

"बघा! म्हटलं नव्हतं, फ्रेम भिकार आहे?"

काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा आडवं! आणि हातातली पिस्तुलाची मूठ बर्फासारखी गार पडत चाललेली.

लोवेलची बायको ओलीटा कडाडली, "भावजी, तुमच्या जिभेपायी माझा नवरा मध्येच अडकलाय! चांगलं बोला!"

"वहिनी, पिस्तुलाला कान असतात का?"

"पिस्तुलाला नसतील. पण आत कोण बसलंय?"

पाद्रीबाबा हळूच मागे सरकले!

व्हर्लिननं पिस्तुलाकडे पाहिलं. दादाला असं अधांतरी ठेवायचं? तो पुटपुटला, "फ्रेम... बरी आहे."

पिस्तूल ढिम्म.

"नुसती बरी?" वहिनी.

"चांगली आहे! दादा, अख्ख्या डोंगरात अशी फ्रेम नाही! मी जळत होतो! झालं समाधान?"

स्लाइड आपसूक पुढे सरकली. व्हर्लिननं चाप ओढला. धडाम्! धडाम्! धडाम्! एकही काडतूस अडकलं नाही.

वहिनीनं डोळे पुसले. "गेले हो सुखानं!"

मंडळी घेवडा आणि मक्याचा पाव खायला आत गेली. व्हर्लिननं रिकामं पिस्तूल डब्यात ठेवलं, झाकण लावलं, इकडेतिकडे पाहिलं. "स्प्रिंग कडक होती, दुसरं काय! फ्रेम भिकारच."

बंद डब्यात खट्कन आवाज झाला.

"गंमत केली रे दादा!"

तेव्हापासून व्हर्लिन गावभर त्या फ्रेमचे गोडवे गातो. तेही वहिनीच्या घरातल्या त्या डब्याकडे तोंड करून, मोठ्ठ्यानं!