पाण्याच्या गाडीचं किट

दिनकरभाऊंच्या हिशेबाने माझी उंची साडेचार सेंटीमीटर आहे. मला त्याचं काही वाटत नाही, ते सगळ्यांनाच तसं मोजतात. लष्करी गाड्यांची प्लास्टिकची मॉडेलं जोडायचा त्यांना नाद, आणि ती मॉडेलं खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाची असतात. त्यामुळे समोर काहीही आलं की हा माणूस त्याला पस्तीसने भागतो. बिल्डिंगमधल्या लग्नात नवऱ्या मुलाकडे बघून म्हणाले, "चांगला आहे. पाच सेंटीमीटर भरेल."

आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहतो, त्यांची आमची एकच भिंत. आयटीआयमध्ये फिटरकाम शिकवून रिटायर झालेले, एकटा जीव. पुढच्या खोलीत रणगाडे आहेत, तोफा आहेत, जीपगाड्या आहेत आणि पाहुण्यांसाठी एक स्टूल आहे.

एवढं असून माणूस नाराज. का, तर लष्कराच्या पाण्याच्या टँकरचं किट जगात कोणी काढत नाही.

"रणगाडा म्हणाल तो मिळेल ताई. पण लढणारे पाणी पीत नाहीत काय?"

मी म्हणायचे, पीत असतील हो, माझी भाजी लागतेय खाली.

परदेशी कंपन्यांना त्यांनी ईमेल केले. एकीने उत्तर दिलं, सूचनेबद्दल आभार. ते त्यांनी लॅमिनेट करून घेतलं.

मग गावातच बघू म्हणाले. आता आमच्या उल्हासनगरात काय बनत नाही? गेले लच्छूभाईकडे, त्याचा प्लास्टिकच्या खेळण्यांचा कारखाना आहे. तो म्हणाला, "साईं, सँपल लाओ. डिट्टो बनाके दूँगा."

"सँपल असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

लच्छूभाई विचारात पडला. ज्याचं ओरिजिनलच नाही त्याची नक्कल मागणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. चहा पाजला आणि वाटेला लावलं.

शेवटी भाऊ स्वतःच बसले. प्लास्टिकचे पत्रे, शॅम्पूच्या बाटल्या, माझ्या खोकल्याच्या औषधाची टोपणं, सगळं कापून-तासून टँकर उभा केला. अगदी हुबेहूब. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. दुसऱ्या दिवशी बघते तर गाडी पार सुटी केलेली, आणि हे एकेक तुकडा चौकटीत अडकवून त्यावर नंबर टाकतायत. शेजारी खोका, खोक्यावर टँकरचं रंगीत चित्र.

"अहो, झालेली गाडी मोडलीत?"

"गाडी कोणाला हवी होती ताई? मला किट हवं होतं."

मी कपाळाला हात लावला. तेव्हा कुठे बोलले. त्यांचे मोठे भाऊ यशवंतदादा बदलापूरला मुलाकडे असतात. सारी नोकरी सैन्यात पाण्याची गाडी चालवली. बायको गेल्यापासून तोंड उघडत नाहीत, जेवायला बोलावलं तर येतात, एवढंच.

"तयार गाडी दिली तर बघेल आणि सूनबाई शोकेसमध्ये ठेवेल," भाऊ नंबर टाकता टाकता म्हणाले. "किट असलं की बसावं लागतं. एकाने धरायचं, एकाने चिकटवायचं."

रविवारी पुतण्या दादांना सोडून गेला. मी चहा घेऊन गेले तर दोघं भाऊ खाली सतरंजीवर. एक धरतोय, एक चिकटवतोय, आवाज फक्त पंख्याचा. मी कप ठेवला आणि दादा म्हणाले, "नळ मागे नव्हता."

भाऊंनी मान वर केली नाही. "मग कुठे?"

"उजवीकडे. माझ्या बाजूला." टाकीवर बोट ठेवून दाखवलं. "आरशात लाइन दिसायची पोरांची. बाटल्या घेऊन उभी असायची."

मी तिथून निघाले. साखर घालायची राहिली होती चहात, तशीच राहू दिली.

संध्याकाळपर्यंत टाकी बसली, केबिन बसली. दादांनी खोका उलटा करून बघितला. "चाकं?"

"कंपनीने पाठवली नाहीत," भाऊ म्हणाले. "पुढच्या रविवारी येतील बहुतेक."

"कंपन्या अशाच असतात," दादा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

चाकं माझ्या घरात आहेत, वेलदोड्याच्या डबीत. भाऊंनी आदल्या दिवशीच आणून दिली होती. दर रविवारी एकच द्यायचं, त्यांनी स्वतः कितीही मागितली तरी जास्त द्यायची नाहीत, असं मला बजावलंय. स्टेपनी धरून सात आहेत.