नवा कर्नल येतोय

"बाबा, मशीन झकास आहे, पण याला कान नाहीत," असं म्हणत रूपेशने लॅपटॉप देवजींपुढे सरकवला.

कोपरखैरण्याच्या त्या गॅलरीत खाडीवरचा वारा पेंगुळल्यासारखा येत होता. निवृत्त शिक्षक देवजी दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचा स्वप्नांचा वर्ग भरवत. एकाने स्वप्न सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं, एवढाच अभ्यास. त्यातली दीक्षा पाय मोडून जासईला आजीकडे पडून होती. फोनवर ती आताशा नुसतं 'हं' म्हणायची. येत्या रविवारी तिला पडद्यावरून वर्गात बसवायचा शब्द देवजींनी दिला होता.

"एआरएमचा आहे, आतली चिप मोबाइलसारखी," रूपेश सांगू लागला. "तापत नाही, बॅटरी खात नाही. विंडोज काढून लिनक्स टाकलं, पण माइक बहिरा, कॅमेरा आंधळा."

"आरामचा? मग नावाला जागतोय बिचारा."

"बाबा! कर्नल जुना आहे त्याचा. कर्नल म्हणजे आतला मुकादम. हाताखालच्यांना ओळखतच नाही, तर कामाला काय लावणार? रविवारी नवीन कर्नल आणतो. तो आला की सगळे शिस्तीत."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तिने मुकादम गिळला आणि 'रविवारी नवीन कर्नल आणतो' एवढंच रूपेशच्या आईच्या, सुमित्राबाईंच्या, कानावर पडलं.

खाली भाजीच्या गाडीपाशी त्यांनी शेजारणींना हळूच सांगितलं, "कोनाला बोलू नका. रविवारी आमचे घरा नवा कर्नल येनार हाय."

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी भगवान वर आले.

"सर, कर्नलसाहेब नक्की येणार ना?"

'साहेब' ऐकून देवजींना बरं वाटलं. यंत्राला इतका मान देणारा माणूस विरळाच. "रूपेश म्हणतो, येणारच."

"कुठले ते?"

"कुठल्या एका गावाचा नाही तो. साऱ्या जगाचा. आणि फुकट राबतो."

"फुकट? देशसेवाच हो! आणि जुने कर्नल?"

"तेही राहणार मागे. नव्याचं बिनसलं, तर जुन्याला उठवायचं."

भगवान भारावून खाली गेले.

रविवारी देवजी बाहेर पडले, तर फाटकाला पांढरा रंग, दारात रांगोळी, स्कूटर एका रांगेत. वॉचमन भैरूने टोपी आणि शिट्टी दोन्ही चढवलेली. एका छोट्या मुलीसाठी सोसायटीने एवढं केलं! देवजींना आपण अजून झोपेतच आहोत असं वाटलं. हॉलमध्ये मुलं होतीच, पण मागे मोठी माणसंही इस्त्रीच्या कपड्यांत बसली होती. भगवानांच्या हातात शाल होती.

रूपेशने बटणं दाबली. पडदा काळा झाला. देवजींनी घड्याळाकडे पाहिलं; तिकडे दीक्षा वाट बघत असेल.

"येतोय... येतोय..." रूपेश पुटपुटला. "आला! कर्नल आला!"

अख्खा हॉल ताडकन उभा राहिला. भैरूने सॅल्यूट ठोकला. सगळे दाराकडे बघू लागले. दारातून एक मांजर आत आलं, आणि गेलं.

रूपेशने कॉल लावला आणि पडद्यावर दीक्षा उमटली. पांढऱ्या प्लास्टरमधला पाय उशीवर, डोळे मोठे. ती बघत राहिली आणि मग तिचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"सर! मला हेच स्वप्न पडलंवतं! सगळी सोसायटी पुतळा झाली, कोनीच हलत नाय. आनि मी एकटीच चालतेय. दोन्ही पायांनी!"

ती बोलतच सुटली. जिन्यातून चालली, खाडीवर चालली, गुलाबी पक्ष्यांच्या मधून चालली. तिचं स्वप्न मोडू नये म्हणून मुलंच काय, मोठी माणसंही तशीच उभी राहिली. भैरूचा सॅल्यूटसुद्धा उतरला नाही.

आजीने जेवायला हाक मारली आणि दीक्षाने फोन ठेवला, तेव्हा भगवान दबक्या आवाजात म्हणाले, "रूपेश, कर्नल कुठे आहेत?"

"हा काय, या लॅपटॉपमध्ये."

भगवानांनी हातातल्या शालीकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांनी ती रीतसर लॅपटॉपलाच पांघरली. झाकण अलगद मिटलं. रूपेशने धावत जाऊन उघडलं, बटणं दाबली, पण पडदा काळाच.

"गेला?" भगवान घाबरले.

"झोपला. झाकण मिटलं की झोपतो, पण उठणं अजून जमत नाही. बंद करून चालू करावा लागेल. ते पुढच्या कर्नलला जमेल बहुतेक."

"आरामचाच तो," देवजी हसून म्हणाले.

मागून सुमित्राबाईंनी विचारलं, "म्हंजे आनखी एक येनार हाय?" आणि उत्तराची वाट न बघता त्या रांगोळीचा डबा शोधायला निघाल्या.