दोन खिशांचा फ्रॉक

बशीर टेलरला कपड्यातलं काहीही विचारा, तो चुकणार नाही! हे तो स्वतःच सांगायचा, आणि सावली गावच्या बाजारात त्याला खोटं पाडायची कुणाची हिंमत नव्हती. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती, कंबर आणि नियत अशी तिन्ही मापं आपल्याला कळतात, असा त्याचा दावा होता. शाळा तिसरीतच सुटली होती, पण त्यावाचून त्याचं काही अडलं नाही. ऑर्डरच्या वहीत तो अक्षरं लिहायचाच नाही, खुणा काढायचा. गोल कंस म्हणजे गोल घेर, आडवी रेघ म्हणजे खिसा, आणि शेजारी शेजारी दोन उंचवटे काढले की बाहीच्या चुण्या. ती वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नसे. यायची ती एका फैजला, त्याच्या मुलाला, कारण कॉलेजात जाईपर्यंत ती वही फैजही भरायचा.

आणि त्याच फैजशी बशीर चार वर्षं बोलत नव्हता.

कारण ऐकाल तर हसाल. फैज पुण्याला नोकरीला गेला, तिथे सायमा नावाच्या मुलीशी परस्पर निकाह केला आणि मग बापाला फोन करून कळवलं. परस्पर केला हेसुद्धा बशीरनं गिळलं असतं. पण नवरदेव उभा राहिला रेडीमेड सुटात! अर्ध्या तालुक्याच्या शेरवान्या शिवणाऱ्या बशीरचा मुलगा, आणि रेडीमेड! "माफी मागतपर्यंत या घराची पायरी चढायची नाई," असं म्हणून त्यानं फोन आपटला. त्याची बायको शकिला असती, तर तिनं दोघांचे कान धरून संध्याकाळपर्यंत भांडण मिटवलं असतं. पण ती या निकाहाच्या दोन वर्षं आधीच गेली होती, आणि घरात बशीरला दटावणारं कुणी उरलं नव्हतं. तो माफीची वाट पाहत बसला. रोज पाहत होता, हे मात्र कुणाला सांगत नव्हता.

२००७ सालच्या उन्हाळ्यात बस स्टँडसमोर सायबर कॅफे निघाला आणि बशीरची मुलगी रुबीना तिथे कामाला लागली. महिन्याभरात तिला ऑर्कुटवर भाऊ सापडला! बापाला कसं सांगावं म्हणून चार दिवस तिनं नुसते हात चोळले, आणि शेवटी त्याचं प्रोफाइल छापून आणून शिवणयंत्रावर ठेवलं. बशीरनं कागद हातात घेतला नाही. चष्मा मात्र लावला.

"नावापुढं हे का होय?"

फैजच्या नावापुढे लिहिलं होतं, (T_T).

"रडका चेहरा हाय, अब्बा. जपानी. हे दोन डोळे, नि हे खाली वाह्यते ते पाणी. भाईच्या कंपनीत जपानी साहेब हायेत ना."

"रडून काऊन राह्यला पण तो?"

"रडून नाई राह्यला! फॅशन हाय. सारेच लावतात. माझ्या नावापुढं पाहा," आणि तिनं आपला हसरा (^_^) दाखवला. भावाला तर तिनं पहिल्याच दिवशी हात वर करून नाचणारा चेहरा पाठवला होता, \(^o^)/ असा!

"नाचा," बशीर म्हणाला आणि मशीन सुरू केलं. पण कागद त्यानं फेकला नाही, हे रुबीनानं पाहिलं. मग तिनं भावाला लिहिलं की अब्बा फक्त माफीसाठी अडून बसलेत, एक शब्द टाक. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिनं ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं आणि धावत दुकानात आली. वर 'अब्बा के लिए' एवढंच, आणि खाली एक खूण.

m(_ _)m

"हा कोणता चेहरा होय, मले बी नाई माहीत," रुबीना म्हणाली. "विचारते त्याले."

"थांब!" बशीर ओरडला. "काही विचारू नको! मले समजलं!"

त्यानं खुणेवर बोट ठेवलं. गोल घेर. दोन खिसे. दोन्ही बाह्यांना चुण्या. आपल्याच वहीतली खूण! आणि चुण्यांच्या बाह्या, गोल घेर, पुढे दोन खिसे, असा कपडा मोठ्या माणसाला कोण घालतं?

"फ्रॉक!" बशीर म्हणाला. "फैजले पोट्टी झाली!"

दुकानात इंदुताई ब्लाउज उसवून घ्यायला बसल्या होत्या. धानाची शेती करणाऱ्या वारलूभाऊंची बायको. बातमी गावात पोचवायला त्यांना सायबर कॅफेची गरज नव्हती.

"अगो माय! बशीरभाऊ, तुमी आजा झाले!"

"अब्बा, एकदा विचारू तर द्या," रुबीना कळवळून म्हणाली.

"आता काय विचारतं? माफी मांगायची लाज वाटली, म्हणून बापाले काम सांगितलं त्यानं! बापाच्या हातचा कपडा मांगितला. मंग झाली ना माफी!"

चार वर्षांची अट त्यानं अशी एका मिनिटात मोडली. आणि वर पेढेही वाटले. किराणावाल्यापासून पोस्टमास्तरापर्यंत सगळ्यांना! मुलीचं वय माहीत नव्हतं, म्हणून फ्रॉक एक नाही, तीन शिवले. एक आत्ताचा, एक पुढच्या ईदेचा, एक पहिल्या वाढदिवसाचा. गुलाबी, पिवळा, आणि तिसरा पुन्हा गुलाबी, कारण गुलाबी कापड उरलं होतं. इंदुताईंनी आपल्या मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं शिवून आणलं. वारलूभाऊंनी मार्कंड्याच्या जत्रेतला एक खुळखुळा दिला, जो त्यांच्या नातवाच्या हातून मोडायचा राहून गेला होता. पार्सल एवढं फुगलं की पोस्टमास्तर म्हणाला, "भाऊ, यात पोट्टी पण हाय का?"

"खबरदार त्याले कम्प्युटरवर सांगितलं तर," बशीरनं रुबीनाला बजावलं. "एकदम पार्सलच उघडू दे!"

पुढचे आठ दिवस रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "बशीरभाऊ, नातीचं नाव काय ठेवलं?" आणि बशीर ऐटीत सांगायचा, "आमच्यात सातव्या दिवशी ठेवतात. कळवन तो."

नवव्या दिवशी, दुपारी जेवताना, फोन वाजला. रुबीना उठली, पण बशीरनं तिच्या आधी झडप घातली.

"अब्बा," फैज म्हणाला. "फ्रॉक भेटले."

चार वर्षांनी ऐकलेला आवाज! बशीरला खूप बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते धंद्याचंच. "बसला का बरोबर? बाही तंग तर नाई?"

"अब्बा, ती खूण फ्रॉकची नव्हती. तो माणूस होय. दोन्ही हात जमिनीवर टेकून, डोकं खाली घालून बसला हाय. जपानी लोक तसे माफी मांगतात. मी तुमची माफी मांगितली होती."

बशीरला हे समजायला थोडा वेळ लागला. आणि समजलं तेव्हा तो खो खो हसत सुटला! चार वर्षं जिची वाट पाहिली ती माफी घरी चालत आली, आणि यानं तिला काज-बटणं लावून परत पाठवली!

"म्हणजे पोट्टी झालीच नाई? अरे बाप्पा! आता पूर्‍या गावाले मी काय सांगू? पेढे खाऊन बसले ना सारे!"

"झाली होती, अब्बा."

बशीरचं हसू तिथेच थांबलं.

"मार्चात. पाच दिवस होती."

"आमाले काऊन नाई सांगितलं, बेटा?"

"सातव्या दिवशी घेऊन येणार होतो. म्हटलं, तिले पाहून तुमी दार उघडान."

बशीरनं भिंतीला हात टेकला. त्याला एकदम फार म्हातारं झाल्यासारखं वाटलं. "रुबीनाले तरी सांगायचं."

"माझ्यानं लिहिणं होईना. नावापुढं लावलं होतं ना, अब्बा. तवापासून लावलं हाय."

रुबीनाला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि खाली बसली. तिचा भाऊ जगासमोर रडत होता, आणि तिनं त्याला नाचणारा चेहरा पाठवला होता.

"नाव काय ठेवलं होतं?" बशीरनं विचारलं.

"नाई ठेवलं. ते तुमाले विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, तर पहिल्या इंदुताईच. "आलं का पोराचं उत्तर? काय म्हणते आमची नात? नाव सांगा बाप्पा आता!"

बशीरनं हातातली कात्री खाली ठेवली. "शकिला," तो म्हणाला. "तिच्या दादीचं नाव. पाच दिवसाची होती बाई. मार्चातच गेली. मलेच काही समजलं नाई."

इंदुताई बाकावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसत राहिल्या. दुपट्याचं त्याच बोलल्या शेवटी. "ते वापस नका मांगू, भाऊ. सूनबाईजवळ राहू द्या." मग बशीर उठला. ज्या ज्या दुकानात पेढे दिले होते, त्या त्या दुकानात तो स्वतः गेला आणि प्रत्येकाला नाव सांगितलं, आणि पाच दिवस सांगितले. पेढे वाटायला अर्धा तास लागला होता. हे सांगायला दोन दिवस लागले.

शेवटच्या दुकानातून तो तडक सायबर कॅफेत गेला. जन्मात पहिल्यांदा.

"सरक," तो रुबीनाला म्हणाला. "मी लिवतो."

रुबीना एकेक बटण दाखवत गेली आणि बशीर एका बोटानं, सुई ओवावी तसा श्वास रोखून, दाबत गेला. वीस मिनिटांत 'दोघं या' एवढंच झालं.

"चेहरा लावू का एखादा?" रुबीनानं हळूच विचारलं. "सारे असतात इथी."

"नको. माझा पाह्यचा असंल तर इथी येऊन पाहीन तो."

तिनं बटण दाबलं. मजकूर गेला. बशीर पडद्याकडे पाहत राहिला.

"अब्बा, लगेच नाई येत उत्तर. संध्याकाळ होईल, उद्या होईल. दुकानात जा तुमी. आलं की मी सांगते."

"बसतो," बशीर म्हणाला, आणि खुर्ची आणखी पुढे ओढून बसला. त्याच्या मागे तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती.