रेघ की ओरखडा

दुष्काळात आमच्या गल्लीत टँकर आला की बायका हंडे घेऊन धावतात. शेजारच्या विमलकाकू आधी गच्चीवर धावतात. तिथून टँकर बघायचा, मग स्वैपाकघराच्या खिडकीतून, मग फाटकातून. तिन्हीकडून दिसला तरच तो आला! तोवर टँकर पुढच्या गल्लीत, आणि काकू कळशी घेऊन माझ्या दारात.

ही खोड मुंबईची. लग्नाआधी मामाकडे राहून त्या एका प्रयोगशाळेत नोकरी करायच्या. डोळ्यांना न दिसणारे कण परदेशातल्या एका द्रवाच्या टाकीतून जाताना बुडबुड्यांची रेघ सोडत, तीन बाजूंनी तीन कॅमेरे एकदम फोटो काढत, त्या फिल्म मुंबईला येत, आणि खरी रेघ कोणती नि फिल्मवरचा ओरखडा कोणता, हे काकू दिवसभर निवडत बसत.

"तिन्ही फोटूंत दिसली तर रेघ. एकातच दिसली तर वरखडा. अन् एकटीचं बघणं धरायचं न्हाई, दुसरीनं बी बघाय पायजे."

लग्न होऊन त्या आमच्या केजला आल्या आणि हा कायदा काकांना लागू झाला. काका दूध संस्थेचे सचिव. "कारखान्यानं चारा छावणी उघडली," असं ते म्हणाले, की काकूंचं लगेच, "किती जणांनी बघितली?"

"मी बी वरखडाच हाय का गं?" काका वैतागत.

"अजून ठरलं न्हाई."

आणि 'दुसरी' कोण, तर मी! गॅस बंद आहे ना, आभाळात ढग आहे की धूळ? दिवसातून चारदा हाक. मी पार कातावले होते.

परवा हाक आली तेव्हा मुद्दाम उशिरा गेले. काकू खिडकीशी येरझाऱ्या घालत होत्या. हातात काकांच्या छातीचे दोन एक्स-रे, एक समोरून काढलेला, एक बाजूने. डॉक्टर सोमवारी बघणार होते आणि अजून गुरुवारच होता. काका खोकत खोकत संस्थेत गेले होते.

"बघ. मी काईच सांगत न्हाई."

समोरच्या फिल्मवर एक पांढरा डाग होता. दुसरी फिल्म उजेडात धरताना मी मनात म्हटलं, देवा, इथे नको. तिथेही होता. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"दोन्हीत आहे, काकू."

त्यांनी दोन्ही फिल्म पाकिटात घातल्या.

"बरं झालं बोललीस. कालपासून मला एकटीलाच दिसत व्हतं." मग लगेच पायात चपला सरकवल्या. "उद्याच्या एसटीनं यांना अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेते. चल संस्थेत. त्यांना सांगाय मी एकटी पुरायची न्हाई."

रस्ताभर त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.