पांढरीपांड्यांचा बचाव

रत्नाकर पांढरीपांडे यांच्या हातातून फोरमनसाहेबांनी मोहर काढून घेतली ती मंगळवारी, आणि संध्याकाळपर्यंत क्वार्टरांच्या चार ओळींना ती बातमी पोचली होती. पाचव्या ओळीला पोचली नव्हती, कारण त्या ओळीतले बहुतेक जण दुसऱ्या पाळीवर होते.

कारखाना दारूगोळ्याचा. साल एकाहत्तर. दसरा होऊन गेलेला. लढाई लागली नव्हती, पण लागणार हे जबलपुरात भाजीवालीलाही ठाऊक होतं. तोफगोळ्याच्या टोकाला बसणारा फ्यूज गेजमध्ये घालून तपासायचा आणि माप बरोबर असलं की त्यावर आपली सतरा नंबरची मोहर उठवायची, हे रत्नाकरचं काम. एकोणीस वर्षं त्यानं प्रत्येक फ्यूज एकदा तपासला. ऑगस्टपासून तो दोनदा तपासू लागला, सप्टेंबरात तीनदा, आणि आता तर चारदा तपासूनही मोहर नुसती हातात धरून बसू लागला. ट्रे साचत साचत खिडकीच्या गजांना लागले, तेव्हा फोरमनसाहेब येऊन उभे राहिले.

"पांडेजी," ते म्हणाले. 'पांढरी' हा भाग त्यांनी एकोणीस वर्षांत कधी उच्चारला नव्हता. "ये फ्यूज है, लड़की का रिश्ता नहीं. कितनी बार देखोगे?"

कारखान्याच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि छावणीत, सदरला राहणाऱ्या डॉक्टर हेमलता डबीर यांचं नाव लिहून दिलं. या बाई एका मेजरसाहेबांच्या पत्नी, शिकलेल्या बंगलोरला, आणि औषध मनाचं करायच्या. त्यांच्याकडून 'कामास योग्य' अशी चिठ्ठी आली तर मोहर परत. नाही तर पॅकिंगमध्ये बदली, म्हणजे निवृत्तीपर्यंत खोक्यांना खिळे ठोकणं.

आता कर्मचाऱ्याला मनाच्या डॉक्टरकडे पाठवायचा फॉर्म ऑफिसात नव्हता. चिंतामणी बाबूंकडे खात्याच्या चौकशीचे छापील फॉर्म मात्र गठ्ठ्यानं होते. त्यांनी 'चौकशी अधिकारी' खोडून तिथे बाईंचं नाव घातलं आणि बाकीचा मजकूर तसाच ठेवला: गुरुवारी दुपारी चार वाजता उपस्थित राहावे, गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल, बचावासाठी एक सहकारी कर्मचारी सोबत आणता येईल.

सत्यभामाबाईंनी कागद दोनदा वाचला. "अहो, काय करून बसले तुम्ही?"

"काहीच नाही केलं. हाच तर आरोप आहे."

"मग अंबादास भाऊजींना घेऊन जा. एकटे नका जाऊ."

अंबादास युनियनचा. त्यानं बचाव केलेल्या अकरा चौकश्या त्याच्या नावावर होत्या. त्यांतले नऊ जण सुटले होते, आणि उरलेल्या दोघांनी, त्याच्याच शब्दांत, तोंड उघडलं होतं. कागद पाहून त्याचा चेहरा लग्नपत्रिका आल्यासारखा खुलला.

"तू काहून घाबरून राहिला? फक्त तोंड उघडायचं नाही. बोलीन मी."

"पण बाईंनी विचारलं, काय होऊन राहिलं म्हणून?"

"विचारू दे. जो बोलला तो फसला. इतकी नौकरी झाली, एवढं नाही समजलं तुला?"

गुरुवारी दोघे सदरला बंगल्यात शिरले आणि अंबादास दारातच थबकला. खोलीत टेबल नव्हतं. वेताच्या तीन खुर्च्या आणि एक सुरई, बस्स. टेबलाशिवायची चौकशी त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

"बोला, रत्नाकरजी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आमचा आक्षेप आहे," अंबादास म्हणाला. "आरोपपत्राची प्रत मिळाली नाही."

"इथे आरोप नसतो."

"मग तसं लिहून द्या, आम्ही चाललो."

बाई हसल्या. दुसऱ्या माणसाला बाहेर बसवायचं त्यांच्या मनात असावं, पण रत्नाकरनं अंबादासच्या बाहीचं टोक घट्ट धरलं होतं, ते पाहून त्यांनी तो विचार सोडला. "बसा दोघं. पन्नास मिनिटं आहेत. बोललंच पाहिजे असं काही नाही."

'अधिकाऱ्याने पहिला मुद्दा सोडला,' असं अंबादासनं वहीत लिहिलं. त्यानंतर लिहायला काही मिळेना. रत्नाकर गप्प. बाई गप्प, आणि तेही न रागावता. ओरडणारे साहेब अंबादासनं पाहिले होते, टेबल बडवणारे पाहिले होते, एकानं तर त्याच्यावर दौत फेकली होती. पण नुसती बघत बसणारी अधिकारी? विसाव्या मिनिटाला त्याला घाम फुटला. चाळिसाव्याला त्यानं आपल्या सासऱ्याच्या मझौलीच्या शेताचा वाद आपणहून सांगून टाकला. बाईंनी तोही ऐकून घेतला.

"फार पोचलेली बाई आहे," बाहेर येऊन तो म्हणाला. "पुढच्या वेळेस लेखी बयान वाचतो."

शुक्रवारी फोरमनसाहेबांनी निरोप धाडला: अजून एक गुरुवार, नंतर हातोडी. सत्यभामाबाईंनी त्या आठवड्यात नवऱ्याच्या आवडीची भाजी तीनदा केली. त्यानं ती तीनदा उष्टी सोडली.

दुसऱ्या गुरुवारी अंबादास उभा राहिला आणि खाकरून वाचू लागला. "कर्मचारी रत्नाकर, वय त्रेचाळीस, गरीब माणूस. डोळ्यांनी कमी दिसते—"

"डोळे ठीक आहेत माझे," रत्नाकर पुटपुटला.

"गप ना बे! —घरी पत्नी भांडते—"

"सत्यभामा? कधी भांडली ती?"

"—त्यामुळे चित्त स्थिर नसून, तपासलेला फ्यूज विसरून पुन्हा तपासतो—"

"विसरत नाही!" रत्नाकर खुर्चीच्या काठावर आला. चुकीचं माप समोरून तसंच पुढे जाऊ द्यायचं, हे त्याला एकोणीस वर्षांत जमलं नव्हतं. इथे तर ट्रेचे ट्रे चालले होते. "एकेक फ्यूज ध्यानात राहतो मला."

"अरे, वाचू दे! —सबब धाकटा भाऊ चंद्रशेखर तोफखान्यात असल्याच्या अभिमानाने—"

"अभिमान कसला? भीती वाटते मला!"

अंबादासनं वही खाली केली. आणि मग कोणी न विचारता रत्नाकर सांगत सुटला. ऑगस्टात चंद्रशेखरचं पत्र आलं होतं. गाव नाही, नुसता फौजेचा नंबर. 'दादा, तुमच्या कारखान्याच्या पेट्या आल्या आमच्याकडे. नाव वाचून घरची आठवण आली.' त्या दिवसापासून गेजमध्ये फ्यूज घातला की, माप चुकलं तर हातातच फुटणाऱ्या गोळ्यावर रत्नाकरला धाकट्याची बोटं दिसत. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवताना धरली होती, तीच. हे त्यानं सत्यभामाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

"कितीदा तपासलं म्हणजे ती बोटं शाबूत राहतील?" बाईंनी हळूच विचारलं.

रत्नाकरनं प्रश्न खरोखरीचा धरला आणि मनात मापून पाहिला. "एकदा," तो शेवटी म्हणाला. "गेज जे सांगायचं ते एकदाच सांगतं. पुढच्या तीन वेळा मी फ्यूज नाही तपासत. मला तपासतो." आणि त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. अंबादासनंही नाक शिंकरलं, पण ते वहीत घेतलं नाही.

बाईंनी चिठ्ठी लिहिली: कामास योग्य, दर गुरुवारी येत राहावे.

"म्हणजे निर्दोष?" अंबादासनं विचारलं.

"तसं समजा."

सोमवारी मोहर परत मिळाली. रत्नाकर अजून दोनदा तपासत होता, पण चारच्या मानानं फोरमनसाहेबांना ते पळाल्यासारखं वाटलं. कॅंटीनमध्ये अंबादासनं बारावी चौकशी आणि दहावी सुटका जाहीर केली. आपल्या एकाच बयानापुढे बाई कशा निरुत्तर झाल्या, हे तो रोज थोडं वाढवून सांगू लागला.

पुढच्या गुरुवारी रत्नाकर एकटाच सदरला निघाला. वऱ्हांड्यात पाऊल टाकतो तो बाकावर अंबादास बसलेला, मांडीवर नवी वही. आणि त्याच्या शेजारी, गुडघे जुळवून, मांडीवर टोपी घेऊन, फोरमनसाहेब. ज्या दोघांनी दहा वर्षांत एकमेकांकडे पाहून चहा घेतला नव्हता, ते खांद्याला खांदा लावून बसले होते. साहेबांच्या खिशातून चिंतामणी बाबूंचा तोच छापील फॉर्म डोकावत होता.

"महीने का टारगेट सुनाई देता है, पांडेजी," साहेब ओशाळून म्हणाले. "पंखे की आवाज़ में भी. बीवी ने कहा, दिखा आओ."

"साहब, आप बिल्कुल मुँह मत खोलना," अंबादास वहीतून मान वर न करता म्हणाला. "सब बयान मैं दूँगा."

साहेब रत्नाकरच्या कानाशी वाकले. "आप तो हो आए हो. अंदर होता क्या है?"

रत्नाकरनं वहीत डोकावून पाहिलं. पहिली ओळ लिहून झाली होती: 'साहेब स्वभावाने शांत.'

"कुछ नहीं, साहब," तो म्हणाला. "बस, ये जो-जो पढ़े, उसमें गलत-गलत सुधारते जाइए."